सुईचं दूध

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. चौथी पास होते ना! गोठ्यावर चार खोल्या, चार बिऱ्हाडं, आणि त्या सगळ्यांत पोस्टकार्ड वाचता येणारी बाई मी एकटी. कुणाच्या माहेरचं पत्र आलं की मी वाचायची, कुणाला उत्तर धाडायचं असलं की मीच लिहायची. त्या पत्रांनीच माझं डोकं फिरवलं, असं आता वाटतं. पुढं जे झालं ते मी अडाणी होते म्हणून झालं नाही, थोडंसं शिकलेली होते म्हणून झालं. हे अगोदरच सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी माझी कीव करायला नको.

ही पन्नास-साठच्या मधली वर्षं. सांगवीच्या अलीकडं, पवनेच्या काठाला आमच्या शेठचा गोठा होता. चाळीसेक म्हशी. शेठ राहायचा पुण्यात, आणि दूध न्यायला रोज सकाळी त्याची मोटार यायची. नवरा निघोज्याचा, माझं माहेर मोशीचं. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकत्या कुठं तारा ठोकून जागा आखायला लागले होते. कंपनी येणार, कंपनी येणार, असं लोक बोलायचे, पण आमचं पोट अजून जनावरावरच होतं. नवरा सकाळ-संध्याकाळ बारा-बारा म्हशींची धार काढायचा. मी शेण काढायची, आंबोण कालवायची, बादल्या घासायची.

धार काढणाऱ्याचे हात कधी जवळून बघितलेत? पेरांवर घट्टे आणि अंगठ्याच्या बेचक्यात भेगा. बोटं कोरडी पडली की सड ओढला जातो आणि म्हैस लाथ झाडते. म्हणून बोटं बादलीतल्या फेसात बुडवायची, ओली करायची आणि धार चालू ठेवायची. तेच ओले हात घेऊन पुढच्या म्हशीखाली बसायचं. सगळे तसंच करायचे, त्यांच्या बापांनीही तसंच केलेलं. एकीचा फेस दुसरीच्या सडाला, दुसरीचा तिसरीला. त्यात काही वावगं असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दगडी हा म्हशीच्या कासेचा रोग. कास दगडासारखी घट्ट होते, जनावर हात लावू देत नाही, दुधात गाठी येतात. पूर्वी आम्ही हळदीचा लेप लावायचो आणि सड गेला तर गेला म्हणायचो. मग खडकीकडून सायकलवर जनावरांचा डॉक्टर यायला लागला. त्याच्याजवळ रबरी बुचाच्या इवल्या इवल्या बाटल्या, आत पांढरी पूड. उकळून गार केलेलं पाणी आत सोडायचा, हलवायचा आणि बोथट सुईनं ते औषध सडातनं वर कासेत चढवायचा. पेनिसिलीन. पहिल्यांदा तर जादूच वाटली! दोन दिवसांत कास मऊ, म्हैस रवंथ करत उभी.

पण त्या दुधाचं दही लागेना. पुण्यातल्या एका मिठाईवाल्याचं चार घागरी दूध तसंच्या तसं राहिलं आणि त्यानं शेठला बोलावून चांगलं खडसावलं. शेठ तणतणत गोठ्यावर आला. "ज्या म्हशीला सुई दिली तिचं दूध तीन दिवस मोटारीत घालायचं नाही," म्हणाला.

नवऱ्यानं विचारलं, "मंग कुठं घालू, शेठ?"

"ओतून द्या. नाहीतर तुम्ही प्या. माझ्याकडं पाठवू नका."

आता दूध कुणी ओतून देतं का हो? ते आमच्या चार खोल्यांत यायला लागलं. पोरं खूश, बाया खूश. आम्ही त्याला सुईचं दूध म्हणायचो. मी मुद्दाम एकदा वाटीभर दुधाला विरजण लावून बघितलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. मग मी सगळ्या बायांना बोलावून शहाणपण सांगितलं: ज्या औषधाच्या ताकदीनं दूध आंबत नाही, ते पोटात गेलं तर आपल्या अंगात रोग राहील का? सगळ्यांनी माना डोलावल्या. एक बाई तर म्हणाली, "शिकल्यालं माणूस येगळंच असतं गं बाई." मला असा काही आनंद झाला, सांगते काय.

तिथंच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. डॉक्टर गेला की त्या इवल्या बाटल्या गोठ्यातच पडून असायच्या. आत तळाला, बुचाच्या कडेला थोडी पूड चिकटलेली. मला ते बघवेना. एवढं मोलाचं औषध आणि उकिरड्यावर! मी पाणी उकळायची, गार करायची, एकेका बाटलीत चमचाभर घालून खळबळायची आणि ते सगळं एका मोठ्या बाटलीत जमवायची. ती बाटली कोनाड्यात ठेवलेली असायची. गोठ्यावरच्या माणसांना करटं, पुवाची गळवं, नेहमीचीच. मनगटावर, मांडीत, मानेवर. शेणात-मुतात काम, भेगाळलेले हात, होणारच. मी कापसानं त्या बाटलीतलं पाणी लावायची, आणि खरं सांगते, सुरुवातीला करटं बसायची.

झालं! माझ्या डोक्यात हवा गेली. सकाळी कुणी ना कुणी दाराशी हात पुढं करून उभं. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या घरात डाक्टरीण हाय, आता मला कसलं भ्याव!" मी वरवर चिडायची, पण आतनं फुलायची. पलीकडच्या खोलीतलं तान्हं पोर सुईच्या दुधावर वाढत होतं, तेही माझ्याच सांगण्यावरनं.

त्या हिवाळ्यात मात्र काहीतरी बिघडलं. बसलेली करटं परत उठायला लागली. एक बरं झालं की शेजारी दुसरं. नवऱ्याच्या उजव्या मनगटावर तर सारखं चालूच. "अगं, परत आलंय," असं म्हणून तो हात पुढं करायचा आणि मी कापूस जास्त भिजवायची. गुण येत नाही म्हणजे औषध कमी पडतंय, एवढाच हिशोब मला येत होता. जनावरांचा डॉक्टरही एकदा एका म्हशीजवळ बराच वेळ बसून राहिला. म्हणाला, "गेल्या साली एका बाटलीत बरी व्हायची. आता तीन घातल्या तरी दाद देत नाही." मी मनात म्हटलं, डॉक्टरच कच्चा आहे. मला तेव्हा सातवा महिना होता.

बाळंतपणाला सासूबाई निघोज्याहून आल्या. खोलीतच मोकळी झाले, मुलगी झाली. गोरीगोमटी, डोकंभर जावळ. सासूबाईंना नातू हवा होता, पण पोरीनं एकदा त्यांचं बोट धरलं आणि त्या विरघळल्या. पाचवी पुजली, शेक-शेगडी चालू झाली, सगळं रीतीप्रमाणं. आठव्या दिवशी न्हाऊ घालताना सासूबाईंचा हात थबकला. पोरीच्या मानेच्या वळीत मुगाच्या डाळीएवढे दोन फोड, आत पिवळं पाणी.

"उष्णतेचं असंल," सासूबाई म्हणाल्या.

मी कोनाड्यातली बाटली काढली आणि फोडांना लावली. दुसऱ्या दिवशी फोड काखेत होते, जांघेत होते. मी आणखी लावलं. कुणाला बोलले नाही, कारण बोलायचं कुणाला? गोठ्यावर औषधपाण्याचं सगळे मलाच विचारायचे.

दहाव्या दिवशी माझ्याच डाव्या छातीत ठणका सुरू झाला. संध्याकाळपर्यंत ती लाल झाली, ताठ झाली, आणि अंगात अशी हुडहुडी भरली की सासूबाईंनी दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. बाराव्या दिवशी सकाळी नवरा धार काढून आला आणि बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं हे विसरून सरळ आत आला. त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं छातीला हात लावला, जसा तो कासेला लावायचा तसाच. त्याचा चेहरा पडला.

"दगडी हाय ही," तो म्हणाला.

माझा असा संताप झाला! "मी काय तुमच्या दावणीची म्हस हाय व्हय?"

एरवी तो हसला असता. तो म्हणाला, "म्हस असतीस तर डाक्टर घरला आला असता. ऊठ."

सासूबाई आडव्या आल्या. "बारा दिसाची ओली बाळंतीण बाहीर न्हेत्यात का कुणी?" पण त्यानं ऐकलं नाही. दुधाची मोटार उभी होती. घागरींच्या मधे पोतं टाकून त्यानं मला बसवलं, पोरगी पदराखाली. दापोडीचा पूल येईपर्यंत मी तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघत होते. मोटार खड्ड्यात आदळली की श्वास चुकल्यासारखा वाटायचा आणि मी बोट आणखी जवळ न्यायची.

पुण्यातल्या त्या दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. त्यांनी आमचं चांगलंच केलं. बायांच्या वॉर्डात मला खाट मिळाली. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, त्यांनी मला तपासलं, पोरीला उलटंपालटं करून बघितलं आणि पेनिसिलीनची सुई सांगितली, दोघींनाही. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "हे औषध याआधी कधी घेतलंस? लावलंस, पोटात घेतलंस?"

मी म्हटलं, "न्हाई."

का म्हटलं? बाटली डोळ्यासमोर आली म्हणून. शेठला कळलं तर नवऱ्याचं काम जाईल, असं वाटलं. आणि खरं कारण त्याहून हलकं आहे: मला लाज वाटली. गोठ्यावरची डाक्टरीण मी, आणि इथं एका खऱ्या डॉक्टरीणबाईपुढं सांगू की मी बाटल्या खळबळून लोकांना औषध लावते? सुई तर मला खरंच कधी दिली नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली.

सुया सुरू झाल्या. दर काही तासांनी सिस्टर यायची. माझा ताप उतरायचं नाव घेईना, पोरीचे फोड फुटून खाली लालभडक कातडी दिसायला लागली. पण माझी उजवी बाजू चांगली होती, तिला भरपूर दूध होतं, आणि पोरगी तेवढं तरी चोखत होती. त्या एका गोष्टीवर मी धीर धरून होते.

शेजारच्या खाटेवर चाकणची एक मुसलमान बाई होती, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचं चाकणच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोट चिरून तिचा मुलगा काढला होता, आठव्या महिन्याचा, हातभर सुद्धा नसेल. तिला दूध उतरलं नव्हतं. बाटलीची बोंडी त्या पोराला तोंडात धरता यायची नाही आणि ते मांजराच्या पिल्लासारखं बारीक बारीक रडत राहायचं. ती खाटेवर पडून टिपं गाळायची. पहिल्याच दिवशी दुपारी सिस्टर जेवायला गेल्यावर मी म्हटलं, "आण गं इकडं. माझी एक बाजू वाहतीया नुसती."

तिनं दिलं. पोरानं दोनदा तोंड फिरवलं आणि मग जे धरलं ते सोडीचना. ती हसली, रडता रडता हसली. म्हणाली, "आता तुझी लेक आन् माझा ल्योक दूधभावंडं झाली. आमच्यात यांचं लगीन लागत न्हाई बरं का."

मी म्हटलं, "कोण देतंय माझी लेक तुझ्या एवढ्याशा बेडकाला!"

तापात सुद्धा आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पाच वेळा मी त्याला पाजलं. कुणाचंही लेकरू भुकेलं असलं आणि आपल्या अंगावर दूध असलं तर पाजायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटलं, एवढ्या वाईटात एक चांगलं काम हातून होतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी पोरगी रडायची थांबली. हलवलं तरी रडेना. डोळे अर्धे उघडे, टाळू खोल गेलेली. मी सिस्टरला हाका मारल्या. मोठ्या बाई आल्या, त्यांनी तिच्या टाचेला टिचकी मारली, तिनं कुठं एवढंसं तोंड वाकडं केलं. मला मग राहवलंच नाही. एका दमात सगळं सांगितलं: सुईचं दूध, बाटल्या, कोनाडा, कापूस, करटं, नवऱ्याचं मनगट.

मोठ्या बाई माझ्या खाटेवर बसल्या. मला वाटलं, आता कानाखाली वाजवणार. त्या म्हणाल्या, "तू त्या रोगाच्या जंतूंना हे औषध थोडं थोडं पाजत राहिलीस. मरण्याइतकं नाही, सरावण्याइतकं. जे दमाचे होते ते उरले, तेच वाढले. तुमच्या म्हशींत तेच, माणसांत तेच, आता तुझ्या अंगात आणि हिच्या अंगात तेच. माझी सुई त्यांना पाण्यासारखी आहे."

"मंग आता?"

"दुसऱ्या जातीचं औषध आहे. मुंबईहून मागवते. तोवर ही टिकली पाहिजे." मग उठता उठता त्यांनी विचारलं, "इथं आल्यापासून वॉर्डात कुणाच्या मुलाला घेतलंस? नीट आठवून सांग."

मी शेजारी बघितलं. ती झोपली होती आणि पोर तिच्या कुशीत होतं. अंग स्वच्छ, एक पुळी नाही. तिच्या तोंडावर समाधान दिसत होतं. मी सांगितलं तर ती उठून माझ्याकडं कशा नजरेनं बघेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पोराला काही झालेलं नाही, मग उगाच कशाला, असं मी म्हटलं मनाशी.

आणि बाईंना म्हणाले, "न्हाई."

हे मी एका माणसाखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं नाही म्हटलं ते लाजेपोटी. त्याची मी स्वतःला माफी दिली. दुसऱ्याची दिली नाही, आणि आता या वयात देणारही नाही.

मला आणि पोरीला व्हरांड्याच्या टोकाच्या लहान खोलीत हलवलं. माझी छाती चिरून पेलाभर पू काढला. अंगावरचं दूध पोरीला द्यायचं नाही, असं बजावलं. उजव्या बाजूचं दूध मी पिळून टाकायची. नवरा आला तो मनगटाला पट्टी बांधून, त्यालाही तपासलं होतं. दाराबाहेरनंच बोलला. "ती बाटली फोडली," एवढंच म्हणाला. रागावला नाही. गोठ्यावरची कोणकोण आजारी आहेत ते मी विचारलं, तर तो म्हणाला, "तू आता तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात दोन सिस्टर बोलत होत्या. चाकणवालीच्या पोराच्या पोटावर फोड आलेत, अंगही गरम आहे. मी ऐकलं. तशीच उठून दारापर्यंत गेले आणि सिस्टरला सांगितलं, मी त्याला पाजलंय. पाच वेळा. मोठ्या बाई धावत आल्या. दारात उभ्या राहून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काल का नाही बोललीस?" उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, तशाच वॉर्डाकडं वळल्या.

मुंबईचं औषध मागवल्यापासून तिसऱ्या दिवशी आलं. दोन्ही लेकरांना एकाच वेळी सुरू केलं. माझ्या पोरीच्या अंगात दांडगी चिकाटी, दोन दिवसांत नवे फोड यायचे थांबले. आठव्या महिन्याच्या त्या पोराच्या अंगात चिकाटी असणार कुठनं? औषध सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. तिचा नवरा येऊन पांढऱ्या कापडात घेऊन गेला. मी खिडकीच्या फटीतनं बघितलं. त्यानं ते दोन्ही हातांवर धरलं होतं आणि पायऱ्या फार सावकाश उतरत होता.

माझी पोरगी फोडांतनं सुटली, पण आता भुकेनं जात होती. वरचं दूध पोटात राहीना. चमचाभर दिलं की दोन चमचे बाहेर. हाताची बोटं काड्या झाली. मोठ्या बाई रोज वजन करायच्या आणि ते रोज उतरलेलंच असायचं. एकदा स्पष्टच म्हणाल्या, "हिला आईचं दूध मिळालं असतं तर मी निर्धास्त झाले असते." माझ्या चोळीतनं दूध गळत होतं आणि त्याच्यातलं थेंबभरसुद्धा तिला द्यायची सोय नव्हती. कुणाकुणाला नवस बोलले, आठवत नाही.

पोर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. चाकणची ती दारात उभी. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पोटावरचे टाके एका हातानं धरलेले. तिचा पदर समोर दोन्हीकडं ओला झाला होता. पोर गेलं आणि मग तिला दूध उतरलं होतं, भरभरून. सिस्टरनं तिला या खोलीत यायची मनाई केली असणार, ती चुकवून आली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्याकडं बघताच मला कळलं.

"दे तिला," ती म्हणाली. "रडती ती ऐकू येतंय मला तिकडं. तू माझ्याला पाजलंस. आता माझं हिला हूं दे. माझं तरी कशाला वाया जातंय?"

ती खाटेवर बसली. मी काही बोलायच्या आत तिनं पोरीला उचललं आणि चोळीची गाठ सोडली. पोरीला वास आला. एवढी गळाठलेली माझी पोर, तिनं मान वळवली, तोंड उघडलं, शोधायला लागली. एक वीतभर अंतर उरलं होतं. देवा, मला गप्प बसता आलं असतं! पोरगी जगली असती. तिच्या अंगात अजून काय उरलंय ते कुणाला ठाऊक होतं, या बाईला काही झालं असतं किंवा नसतं. बाई स्वतः होऊन देत होती. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि तोंड मिटून बसणं मला चांगलं जमतं हे तोवर दिसलंच होतं.

"नगं," मी म्हटलं. "पाजू नगंस. हिच्या अंगात रोग हाय. तो तुला हुईल." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुझ्या लेकाला माझ्याच दुधातनं झालं. बाईंनी मला विचारलं व्हतं, कुणाला घेतलंस का. मी न्हाई म्हणाले. तवा बोलले असते तर फोड यायच्या आधीच बाईंनी त्याला जपलं असतं."

 मला वाटलं, ती ओरडेल, झिंज्या धरेल, तोंडावर थुंकेल. मी त्याची वाटच बघत होते. तिनं पोरीकडं बघितलं. पोरीचं तोंड अजून शोधत होतं. मग तिनं तिची मान तळहातात नीट धरली, अगदी सांभाळून, आणि तिला माझ्या मांडीवर परत ठेवलं. चोळीची गाठ बांधली. भिंतीला हात लावत लावत उठली आणि बाहेर गेली.

आमच्या खोलीला लागूनच मोरी होती. दार लोटल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळानं दूध पिळल्याचा, फरशीवर बारीक धार पडल्याचा. भरल्या छातीला दुसरा इलाज नसतो. पोरगी पुढं वाचली, नवऱ्यानं सांगवीहून शेळी आणली, तिचं दूध पाणी घालून कसंबसं तिच्या पोटात ठरलं. पण ते नंतर. त्या दुपारी ती मांडीवर भुकेनं रडत होती, भिंतीपलीकडं ते दूध मोरीत चाललं होतं, आणि मी तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसले.